मांजराचं पथ्य

नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावं आमच्या भागात शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही पाठ असतात. ऊस लावायचा म्हटलं की आधी ह्या तिघांचा हिशेब. 10:26:26 चं पोतं म्हणजे काय, डीएपीत स्फुरद किती, युरिया कधी फेकायचा आणि कधी हात आवरायचा, हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. त्यामुळं साताऱ्याच्या डॉक्टरनं आमच्या ठकीच्या रक्ताचा कागद पुढं धरला आणि म्हणाला, "युरिया वाढलाय, फॉस्फरस वाढलाय, पोटॅशियम मात्र खाली आलंय," तेव्हा मला नवी भाषा शिकावी लागली नाही. मी म्हटलं, "म्हणजे नत्र-स्फुरद जास्त आणि पालाश कमी." डॉक्टर तरुण होता, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला, शेतकऱ्याचाच पोरगा. हसला आणि म्हणाला, "अगदी तसंच, काका. फरक एवढाच, की ह्या रानाचा कस पुन्हा यायचा नाही."

ठकी म्हणजे आमचं मांजर. 'पाळलेलं' असं मी म्हणणार नाही. आमच्याकडं कुत्रं पाळतात, म्हैस पाळतात; मांजर असतं. धान्याच्या खोलीत उंदीर झाले की कुठूनतरी येतं, चार घरांत जेवतं आणि एका घरात झोपतं. ठकी तेरा वर्षं आमच्या घरात झोपली. तेरा वर्षांत आमच्या ज्वारीच्या पोत्याला भोक पडलं नाही, ही तिची नोकरी. पगार म्हणजे सकाळ-संध्याकाळ दुधात कुस्करलेली भाकरी, आणि धार काढताना आई तिच्या तोंडात नेम धरून सोडायची ती एक पिचकारी.

आजार कळला तो पाण्यामुळं. मांजर पाणी पिताना सहसा दिसत नाही. त्याचं मूळ पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेकडच्या कोरड्या मुलखातलं. शिकारीच्या अंगातलं पाणी त्याला पुरतं आणि मूत्र दाट करून ते पाणी राखायची कला त्याच्या मूत्रपिंडात असते. ती कला गेली की मांजर हौदाशी जाऊन बसतं. ठकी बसायला लागली. सकाळी पांढरा फेस ओकायची, अंगावरचे केस पिंजारलेले, वजन चार किलोवरून दोन किलो आठशे. आईच म्हणाली, "हिचं आतलं कायतरी गळतंय." तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात म्हशी-बैलांचीच गर्दी, तिथून आम्हाला साताऱ्याचा पत्ता मिळाला.

क्रिएटिनिन 3.4. रोगाच्या चार पायऱ्या असतात, ही तिसरी. डॉक्टरनं सांगितलं, की मूत्रपिंडाचा दोन तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत मांजर बाहेरून काही दाखवत नाही, आणि रक्तात हा आकडा चढायला लागतो तेव्हा चारातले जवळजवळ तीन भाग गेलेले असतात. "औषधं देतोच, पण ह्यात खाणं मोठं," तो म्हणाला. स्फुरद कमी, हे पहिलं. प्रथिनं मोजकी पण चांगल्या प्रतीची. मीठ कमी, पाणी भरपूर. दूध बंद, कारण म्हशीच्या शंभर मिली दुधात शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम स्फुरद असतं. सुकी मासळी, हाडं, अंड्याचं पिवळं बंद. ह्या आजाराचं तयार खाणं पिशवीत मिळतं, किलोला हजाराच्या वर. नाहीतर घरी करायचं तर बिनहाडाची कोंबडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं, म्हणजे बरंच स्फुरद त्याबरोबर जातं. त्यात अंड्याचं पांढरं, थोडा भात, थोडं तेल, आणि डॉक्टर मोजून देईल ती टॉरिन, कॅल्शियम, जीवनसत्त्वांची पूड. पाणी फेकलं की स्फुरदाबरोबर टॉरिनही जातं, म्हणून ती पूड चुकवायची नाही. नुसती कोंबडी आणि भात रोज घातला तर मांजर दुसऱ्याच रोगानं जाईल.

तो सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढं आईची माळ येत होती.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ पडली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आता एकाहत्तर. आषाढीची वारी तीनदाच चुकली, एकदा माझ्या जन्माच्या वेळी आणि दोनदा कोरोनात, तेव्हा तर सगळ्यांचीच चुकली. आमच्या घरात बावन्न वर्षांत मटण-मासा सोडाच, अंडंही शिजलेलं नाही. वडील खायचे, पण मळ्यात, आणि आंघोळ करून घरी यायचे. मी कधी खाल्लं नाही. आमच्या मंडळी खाणाऱ्या माहेरातून आल्या आणि त्यांनी पहिल्या वर्षीच ते माहेरापुरतं ठेवलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत होती, फोडतच राहिली.

"तिला उंदीर खाताना मी कदी आडवलं का?" ती म्हणाली. "त्यो तिचा धरम हाय. तिनं मारावं, तिनं खावं. त्यात माझा हात न्हाई. पर तू दुकानातनं कोंबडी आणणार, ती काय ठकीसाठी मरणार न्हाई. आपल्यासाठी मरणार. आपल्याला ठकी पायजे म्हणून."

मी गप्प बसलो. अहिंसेवरची पुष्कळ व्याख्यानं मी ऐकली आहेत, सप्त्यातली आणि कॉलेजातलीसुद्धा. प्रश्न इतका नेमका कुणी मांडलेला मी ऐकला नव्हता. मांजराच्या भुकेत कोंबडीचा जीव जात असेल तर तो निसर्गाच्या खात्यावर. माझ्या मायेत जात असेल तर तो माझ्या खात्यावर. आणि हिशेब काही छोटा नव्हता. तीन किलोच्या आतलं मांजर, त्याला रोजचं शंभर ग्रॅम धरलं तरी महिन्याला तीन किलो. एका म्हाताऱ्या जिवासाठी महिन्याला दोन-तीन धडधाकट जीव.

पिशवीतलं खाणं आणलं तर? त्यात कोंबडी दिसत नाही, नुसते खडे. आईनं पिशवीवरचं चित्र पाहिलं, आत काय असतं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. "मग त्यात काय निराळं? पिशवीत हाय म्हणून मला दिसायचं न्हाई. पांडुरंगाला दिसतंयच की."

दोघांच्या मधला काही रस्ता निघतो का म्हणून मी डॉक्टरला फोन केला. डाळ-भात, पनीर, सोयाबीन? डॉक्टरनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "काका, कुत्रं असतं तर काहीतरी जमवलं असतं. हे मांजर आहे." कुत्र्याचं आणि माणसाचं शरीर मिळेल त्यावर भागवायला शिकलेलं असतं. मांजराचं यकृत प्रथिनं जाळायचं थांबवतच नाही. बाहेरून मिळाली नाहीत तर अंगातलं मांस जाळतं. टॉरिन त्याला पुरेसं तयार करता येत नाही. ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय फुगतं. मांजराला गोडाची चवसुद्धा कळत नाही, ते कळवणारी जीभच त्याला दिलेली नाही. ह्या प्राण्यानं शाकाहारी असावं अशी निसर्गाची कधी इच्छाच नव्हती.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी कोण तिला माळ घालणारी?" पण तेवढ्यावर प्रश्न मिटला असं तिनं धरलं नाही. मांजराला मांस लागतं हे एक, आणि ते मी द्यावं का हे दुसरं.

त्या आठवड्यात गावात कीर्तन होतं. आईनं महाराजांना घरी बोलावलं, दूध दिलं आणि विचारलं. महाराज विद्वान माणूस. म्हणाले, "माउली, एवढा विचार कशाला? मांजर आहे ते. गावात सोडून द्या, त्याचं ते बघून घेईल. तुमच्या माथी काही नाही." महाराज गेल्यावर आईनं कपबशी विसळली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तेरा वरसं उंदीर मारून घेतलं, आन् आता सोडून द्या." त्यानंतर तिनं ह्या बाबतीत कुणाला विचारलं नाही.

इथं मला बलुत्याची आठवण येते. जुन्या गावगाड्यात सुतार, कुंभार, चांभार वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर त्यांचा वाटा निघायचा. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, तिचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती: तो वाटा भीक नव्हती, देणं होतं. ठकीचं खाणं मला तसं वाटतं. दया म्हणून करायचं असतं तर गावात शंभर मांजरं आहेत, दया कुणाकुणावर करणार? हे देणं होतं, आणि देणं ठरावीक माणसाचंच असतं. ह्यात एक भोक आहे, तेही सांगून टाकतो. ज्या मांजरानं आयुष्यात एक उंदीर धरला नाही, शहरातल्या सोफ्यावर लोळण्यापलीकडं काही केलं नाही, त्याचं देणं कुणावरच नाही का? माझी मुलगी पुण्यात आहे, तिच्याकडं असलंच एक आहे. तिला हा युक्तिवाद ऐकवला तर ती म्हणाली, "बाबा, मी पण तुम्हाला एक उंदीर धरून दिला नाही."

दूध संकलन केंद्रावर वेगळा प्रश्न होता. तिथं कोंबडीचं कुणाला काही नव्हतं, पिशवीच्या किमतीचं होतं. आमच्याकडं खुरपायला येणाऱ्या बाईचा रोज तीनशे रुपये. मांजराच्या एक किलो खाण्याला तिचे तीन दिवस जातात, वर थोडे. "माझा पैसा, मी काहीही करीन" हे उत्तर मला देता आलं असतं. पण ते गुरगुरणं झालं, उत्तर नव्हे. आणि आमच्या भिंतीला भिंत लावून तात्या राहतात.

तात्या माझे चुलते. साखरेच्या आजारानं त्यांची मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा कराडला डायलिसिसला जातात. सरकारी योजनेत होतं म्हणून पैशाचं ओझं कमी आहे, पण गाडीभाडं, माणूस, दिवस मोडणं हे आहेच. ठकीचा कागद मी त्यांना दाखवला नव्हता. त्यांनीच एका संध्याकाळी मागितला. चष्मा लावून स्वतःचा कागद शेजारी ठेवला. ठकीचा फॉस्फरस 6.2, तात्यांचा 6.8. "माझ्यापरीस बरं हाय की तिचं," म्हणाले.

मग दोघांचं पथ्य ताडून बघायचा त्यांना नादच लागला. तात्यांना स्फुरद बांधणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यावी लागते, पुढं-मागं घेऊन उपयोग नाही. ठकीच्या खाण्यातही तशीच पूड कालवायची. ते पटलं. पण पालाशाचं उलटं. ठकीचं मूत्रावाटे वाहून जातं म्हणून तिला वरून द्यायचं, आणि तात्यांचं साचतं म्हणून त्यांना शहाळं, केळं, टोमॅटो बंद. पाण्याचं तर पूर्ण उलटं. तात्यांना दिवसाला लिटरभर, तेही चहा-आमटी धरून. ठकीला अंगणात तीन ठिकाणी वाडगे, खाण्यापासून लांब ठेवलेले, कारण मांजराला खाण्याशेजारचं पाणी आवडत नाही. ते तीन वाडगे बघून तात्या म्हणाले, "रोग एकच, आन् तिला पाण्याचं तळं आन् मला मोजून फुलपात्र. मांजराचा जन्म बरा."

मांजरावर पैसे घालतोस म्हणून तात्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क गावात सगळ्यात जास्त त्यांना होता.

आणि त्यांच्याचमुळं मला पथ्याचा खरा पेच दिसला. गेल्या वैशाखात तात्यांनी दीड हापूस आंबा खाल्ला. काकी रडल्या, मुलगा ओरडला. तात्या म्हणाले, "मला सगळं कळतंय. कळूनच खातोय." दुसऱ्या दिवशी डायलिसिसवाल्यांची बोलणी ऐकून घेतली. माणसाचं पथ्य असं असतं. त्याला पुढचं वर्ष माहीत असतं, आंबाही माहीत असतो, आणि कधी हे, कधी ते तो निवडतो. पथ्य मोडायची मुभा आहे म्हणून तर पाळण्याला काही अर्थ आहे. मांजराला पुढचं वर्ष माहीत नाही. त्याच्यापुढून दूध उचललं तर त्याला कळतं ते एवढंच, की दूध गेलं. मग आपण त्याच्यावर लादतो त्याला पथ्य म्हणायचं की उपासमार?

लहान पोराला आपण औषध पाजतोच की, असं लोक म्हणतात. हे उदाहरण मला पुरत नाही. पोर मोठं होतं. आज रडलं तरी वीस वर्षांनी त्याला कळणार असतं, त्या वीस वर्षांनंतरच्या माणसाच्या वतीनं आपण आज त्याचं नाक दाबतो. ठकी कधीच कळणाऱ्या वयाची होणार नव्हती. तिच्या वतीनं मी उद्याचा विचार करणं म्हणजे खरं तर माझ्याच उद्याचा विचार, त्यात ती हवी म्हणून. आईनं कोंबडीबद्दल जे म्हटलं तेच.

बरेच दिवस हे डोक्यात घोळवल्यावर मी एक माप ठरवलं. ठकीच्या खाण्याला फक्त ठकीच्या आजच्या दिवसापुढं उत्तर द्यायला लावायचं. मूत्रपिंडाच्या आजारात नुसतं मरण जवळ येत नाही. मळमळ असते, तोंडात फोड येतात, अंगात ताकद नसते. खाण्यानं ती मळमळ कमी झाली, सकाळचा फेस थांबला, तर ते खाणं बरोबर, मग तिला आवडो न आवडो. आणि खाण्यापायी तिचा दिवसच नासला, ती कोपऱ्यात तोंड फिरवून बसली, तर कागदावरचा फॉस्फरस कितीही उतरो, ते खाणं चूक. किती वर्षं वाढली हा हिशेब त्यात धरायचा नाही.

आठव्या दिवशी आईनं स्वतः गोठ्यामागं तीन दगड मांडले. म्हणाली, "आत न्हाई. हितं. टोप निराळा, चमचा निराळा. आन् शिजवायचं तू, सुनंला सांगायचं न्हाई." आमच्या मंडळींनी लांबून शिकवलं. हात कसे धुवायचे, उकळी किती येऊ द्यायची, कांदा-लसूण का नाही. मांजराला कांदा-लसूण विषासारखा, रक्त नासवतो. म्हणून कुणाच्या घरचा रस्सा-बिस्सा त्याला कधी घालू नये. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा कोंबडी शिजवली. वासानं पोटात ढवळलं, खोटं कशाला सांगू. शिजवलेलं ठेवायचं कुठं? आमच्या फ्रिजमध्ये शक्यच नव्हतं. तात्यांच्या फ्रिजमधला वरचा कप्पा ठकीचा झाला.

अर्धं पिशवीतलं, अर्धं घरचं, असं डॉक्टरनं बसवून दिलं. पण ठकीला ते कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं बशी हुंगली आणि पुढच्या पायानं बाजूची जमीन उकरायला लागली. मांजर विष्ठेवर माती ओढतं तसं. आई पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरनं बजावलंच होतं: हट्ट करायचा नाही, भूक लागली की खाईल असं म्हणायचं नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि मूत्रपिंडाच्या आधी तेच घात करतं. जे खाल्लंच जात नाही ते कितीही शास्त्रशुद्ध असो, त्यापेक्षा पोटात गेलेलं साधं खाणं बरं. म्हणून आधी जुन्यात चमचाभर नवं, मग दोन चमचे, असं जवळजवळ पाच आठवडे. बशी जरा कोमट करून दिली की वास सुटतो, मग खाते. शेजारच्या पोरांना बजावलं, दूध-भाकरी घालायची नाही. चार घरांचं मांजर एका घराचं करायचं म्हणजे चार घरांत जाऊन हात जोडणं आलं.

सगळ्यात अवघड होती ती धार.

पहाटे आई म्हशीखाली बसली की ठकी डाव्या बाजूला येऊन बसायची, पाय जुळवून, तोंड वर करून. तेरा वर्षांची रीत. पहिले चार दिवस आईनं तिच्याकडं पाठ केली. ठकी उठून दुसऱ्या बाजूला येऊन बसली. आईनं चरवी घरात आणून ठेवली आणि मला म्हणाली, "तिला कसलं रं पथ्य. पथ्य मला हाय." मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. उपास आईनं आयुष्यभर केले, त्यांत स्वतःच्या तोंडाला आवरायचं असतं, ते तिला सोपं जायचं. इथं हाताला आवरायचं होतं.

डॉक्टरला विचारलं, एक पिचकारी चालेल का? त्यानं हसण्यावारी नेलं नाही, ह्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. किती मिली, म्हणाला. आम्ही आईला औषधाच्या झाकणात एक धार मारायला लावली. पाच मिली भरली. म्हणजे सहा मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद. त्यानं दिवसाच्या हिशेबात ते बसवलं, पिवळ्याचा कणही जाऊ देऊ नका म्हणाला, आणि परवानगी दिली. सकाळी एक. संध्याकाळी नाही. आईनं हा नेम एकादशीसारखा पाळला.

महिना-दीड महिन्यानं फेस थांबला. केस बसले. वजन तीन किलोवर जाऊन थांबलं, पुढं गेलं नाही. रक्तातला फॉस्फरस 4.7 झाला तेव्हा तात्यांनी मनापासून हेवा केला.

मार्गशीर्षात ठकीनं उंदीर धरला. आजारानंतरचा पहिला. मी धान्याच्या खोलीच्या दारात उभा, आणि ती तोंडात उंदीर घेऊन माझ्याकडं बघत. नियमानं तो काढून घ्यायला हवा होता. उंदीर म्हणजे हाडासकट मांस, स्फुरदाचं गाठोडं. पण माझं माप आजच्या दिवसाचं होतं, आणि तिचा तो दिवस मागच्या कितीतरी दिवसांपेक्षा चांगला होता हे तिच्या शेपटीवरून कुणीही सांगितलं असतं. मी दार ओढून घेतलं. आत तिचं काम तिनं उरकलं. डॉक्टरला मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "महिन्यात एखादा असेल तर मी ऐकलं नाही."

गावात कुजबुज झालीच. माळकरणीच्या गोठ्यामागं कोंबडी शिजते. हरिपाठाला बायका सरकून बसू लागल्या, असं आमच्या मंडळींनी मला सांगितलं. आईनं कधी काढलं नाही. ती बशी स्वतः घालायची, लांब दांड्याच्या पळीनं, मग हात राखेनं धुवायची, तुळशीला पाणी घालायची आणि आत यायची. माळ काढून ठेव, असं एकीनं तिला सुचवलं म्हणे, मांजर आहे तोवर. आईनं तिला विचारलं, "पोरगं आजारी पडलं म्हणून मंगळसूत्र काढतीस का?"

ठकी सोळा महिने जगली. शेवटच्या दोन आठवड्यांत तिनं पिशवीतलं सोडलं, मग घरचं सोडलं. कातडीखाली सलाइन द्यायला डॉक्टरनं शिकवलं होतं, ते आम्ही दिलं. मग त्यानंच सांगितलं, आता पथ्य संपलं, जे खाईल ते द्या. आईनं वाटीभर सायीचं दूध पुढं ठेवलं. तिनं वास घेतला, वाटीशेजारी बसून राहिली, प्याली नाही. चौथ्या दिवशी ज्येष्ठातल्या दुपारी गोठ्यात गेली. आई त्या वर्षी वारीला नेहमीसारखी गेली.

गोठ्याच्या भिंतीवर, तीन दगडांच्या वर, कोळशाच्या रेघा आहेत. मी कोंबडी आणायचो, अर्धा किलो, दहा-अकरा दिवसांतून एकदा. आणली की आई एक रेघ ओढायची, हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. दुकानातल्या अर्ध्या किलोला एक पुरता जीव धरायचा, असा तिचा हिशेब. सत्तेचाळीस आहेत. मी म्हटलं, "आई, पिशवीतल्या धरल्या नाहीस ह्यात."

"त्या तू मोज," ती म्हणाली.

मी मोजायला बसलो होतो. पिशवीवर मांस किती ते नीट लिहिलेलं नसतं, त्यामुळं आकडा जुळत नाही. दिवाळीला गोठ्याला चुना लावला तेव्हा आईनं गड्याला तेवढी जागा सोडायला सांगितली.